परतीची हवा

ड्युलुथ, जानेवारी, उणे सत्तावीस.
सरोवरावरचं वारं
ट्रकचं दारच उघडू देत नाही.
आत येते, बूट आपटते, शिडी लावते
ग्रॅनाइट पॉइंट वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर,
जेवणघराबाहेर, जिथे फळ्यावर
आजच्या सूपचं नाव खडूने लिहिलेलं असतं.

छताची टाइल उचलली की
डोकं दुसऱ्याच इमारतीत जातं.
दिव्याखाली अंधार म्हणतात;
इथे तो दिव्याच्या वर राहतो,
राखाडी, कोमट, बोटभर धुळीचा,
आणि हलतो.
खालच्या बावीस खोल्यांनी सोडलेली हवा
इथून परत चालली आहे पंख्याकडे:
वाटाण्याचं सूप, मलम चोळलेले गुडघे,
मिसेस ह्यूस्बीची लॅव्हेंडर पावडर,
कुणाचा तरी रात्रभराचा खोकला.
वेगळी नळी नाही. छताची पोकळी हीच नळी.

म्हणून इथे वायरीलाही सोवळं.
साधं प्लास्टिक पांघरलेली चालत नाही.
ती पेटली तर ज्वाळेच्या कितीतरी आधी
तिचा धूर ह्याच वाटेने
उशाउशाशी पोचतो.
धातूच्या नळीतून जा, नाहीतर
धूर न करणारं कवच घाल, नाहीतर बाहेर थांब.
अडॅप्टर नाही, एक्स्टेन्शन बोर्ड नाही,
'तात्पुरतं' तर नाहीच नाही.

हे मला रेइनो साल्मेलाने शिकवलं,
सव्वीस वर्षांपूर्वी, शिव्या घालून.
माझी पहिली चुकीची वायर
त्याने कापून हातात दिली होती:
"मार्लिस, ही कुणाच्या तरी नाकात घातलीस तू."

हेडलॅम्प फिरवला.
नव्या निळ्या केबलींच्या मागे, तुळईला लागून
एक पिवळट, साधी, बिनकवचाची,
जिन्याजवळच्या 'बाहेर' लिहिलेल्या लाल दिव्याला
वीज नेणारी.
दर चार फुटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ.
डावखुरी गाठ.
ह्या गावात ती एकच माणूस मारायचा.
टोकाला डबा, झाकणाच्या आत पेन्सिलीने:
'शुक्रवार, ८७. बर्फ. माल आला नाही.
सोमवारी बदलणे. रे. सा.'

सोमवार.

खालून औषधांची गाडी ढकलणाऱ्या मुलीने विचारलं,
"सापडलं काही?"
"धूळ," म्हटलं.

आधी नवी ओढली, धातूच्या नळीतून,
म्हणजे लाल दिवा थोडाच वेळ मिटला.
मग जुनी. ती सहज येईना.
इतक्या वर्षांत तुळईने तिला आपलं मानलं होतं.
गाठी सोडवत बसले नाही, कापल्या.
एक मात्र ठेवली.

तो दोनशे अकरामध्ये असतो.
नाकात ऑक्सिजनची नळी,
खिडकीत गोठलेलं सरोवर,
बंदरात अडकून पडलेली एक खनिजाची बोट.
तीन वर्षं त्याने सोडलेला प्रत्येक श्वास
स्वतःच्याच वायरीवरून
घासून गेला असणार.

वाटलं, कशाला सांगायचं.
मग वाटलं, त्याने मला सांगितलं असतं,
तेही सगळ्यांसमोर.

वेटोळं त्याच्या पांघरुणावर ठेवलं.
चष्मा मागितला नाही त्याने.
अंगठ्याने गाठ चाचपली, एकदा,
पुन्हा एकदा.
यंत्र फुस्स करत राहिलं. मी धुळीचे हात
पँटला पुसत राहिले.

"किती निघाली?"
"साठ फूट."
"बासष्ट," तो म्हणाला.
"खांबाच्या मागे वळवली होती.
जा, दोन फूट अजून वर आहेत."